भांगाची भरती

चोडणच्या खाजणात बाबा मानशीचे राखणदार.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार:
भरती आली की आपोआप मिटायचं,
ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीला द्यायचं.
आपोआप, असं लोक म्हणत.
दारात अडकलेला ओंडका, चुडतं,
एकदा तर फुगलेलं डुक्कर,
हे काही आपोआप निघत नसे.
रात्री दोनदा कंदील घेऊन उठणारा माणूस
त्या आपोआपमध्ये धरलेला नव्हता.

घड्याळ आमच्या घरी नव्हतंच.
तिथी होती, आणि तिथीवर पाणी.
पुनवेला, अमावास्येला उधाण.
सप्तमी-अष्टमीला भांग: पाणी चढतं न चढतं,
जसं कुणी उंबऱ्यापर्यंत यावं
आणि हाक न मारता परत जावं.

एकोणसत्तरच्या जुलैत, रविवारी रात्री
रुझारच्या पसऱ्यावर अख्खा वाडा जमला.
रेडिओला नवे सेल.
चुलीत फणसाच्या आठळ्या.
इंग्रजी कळणारे दोघेच: शाणू मास्तर,
आणि मोंबासाहून परतलेला बोस्त्यांव.
दोघांचे अर्थ जुळत नव्हते.
"उतरतायत."
"छे, जागा शोधतायत."
"इंधन संपत आलंय म्हणतो."
आंजेलीनमायनं क्रूस केला.
मी अकरा वर्षांची. हातातली आठळी गरम.
बाहेर जाऊन वर बघितलं.
ढग होते. नसते तरी काय,
चंद्र केव्हाच मावळलेला.
म्हणजे ते उतरले तेव्हा
आमच्या पायांखाली होते कुठेतरी,
चिखल, खडक, सगळी पृथ्वी ओलांडून.

बाबा तिथं नव्हते. भरती लागली होती.
मी बांधावरून धावत गेले, ओरडले, "उतरले!"
ते दाराला कान लावून उभे.
"कितले जाण?"
"दोघे. तिसरा वरच फिरतोय."
"एकटो?"
"हो. यान सांभाळतोय."
बाबांनी कंदिलाची वात बारीक केली.
दारापलीकडे नदी अंग घासत होती.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ताका न्हीद येत आसतली?"
मला माहीत नव्हतं.
मास्तरांना विचारते म्हटलं, विसरले.

सकाळी ओहोटी. पाऊस तिरपा.
बाबा कमरेइतक्या पाण्यात, फळीतलं शेवाळ खरवडत.
मास्तर छत्री सांभाळत आले:
"फोंडू, पाऊल ठेवलं रे! आत्ताच!"
बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं.
"मास्तर, दोन माणसांचं वजन वाढलं तिथं.
पाण्याला फरक पडेल?"
मास्तर हसले. मग हसायचे थांबले.
खिशातून पेन्सिल काढली,
ओल्या वर्तमानपत्राच्या कडेला शून्यं मांडू लागले.
शून्यं कडेवरून खाली उतरली, कागद फाटला.
"नाही पडणार," ते म्हणाले.
बाबा म्हणाले, "बघूया."

माडाच्या लाकडाची एक काठी होती त्यांची,
दर भरतीला कोयत्यानं खाच.
संध्याकाळी पाणी आलं, थांबलं.
त्यांनी वाकून खूण केली,
मग पुन्हा वाकून नीट पाहिलं.

आता मानस सिमेंटची आहे.
दारं गंजली ती बदलायची कुणी, यावर
तीन वर्षं बैठका चालल्यात.
आमच्या कोरगुटाच्या शेतात कांदळ वाढलंय,
आणि बगळे, खूप बगळे.
काठी मी घेऊन आले.

त्या सोमवारची खाच बोटानं सापडते.
आधीच्या भांगाइतकीच,
नखभरही वर नाही.
पण काठीच्या पार टोकाला,
जिथं उधाणाचं पाणीसुद्धा कधी पोचलं नाही,
एक बारीक टोच आहे. एकटीच.
कशाची, ते मी विचारलं नव्हतं.

यंदा काठी परसात रोवून
तिच्यावर वाल चढवलाय.
काल बघितलं,
तिथवर पोचलाय.